पापणीआडचा रंग

मेंढीचं डोकं मांडीला टेकवून अंगठ्यानं तिची खालची पापणी अलगद ओढली, की आतली ओली कातडी दिसते. ती डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल असली तर काळजी नाही. फिकट गुलाबी असली तर त्या मेंढीवर नजर ठेवायची. आणि कागदासारखी पांढरी निघाली, तर तिच्या पोटात बसून कुणीतरी तिचं रक्त पितंय आणि हातात दिवस थोडे उरलेत असं समजायचं. मग जबड्याखाली पाणी उतरतं, मऊ पिशवीसारखं लोंबायला लागतं, मेंढी कळपाच्या मागं पडते. एखाद्या सकाळी ती उठतच नाही.

फलटण, माण, खटाव या पट्ट्यात हे दिवस भाद्रपद-आश्विनात येतात. इथला पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा परतीच्या पावसाचा. उन्हाळाभर करपलेला माळ त्या पावसानं हिरवा होतो, मेंढरं पोटभर चरतात, आणि नेमकी चाऱ्याची ददात मिटलेली असतानाच काही मेंढ्या पांढऱ्या पडायला लागतात. सगळ्या नाहीत, काहीच.

म्हणून या लेखाचा विषय आहे शेजारची मेंढी. तोच माळ, तेच गवत, त्याच ओढ्याचं पाणी. वय बहुधा सारखंच. आणि पापणी मात्र लाल. तिनं जंत खाल्ले नाहीत असं शक्य नाही. खाल्ले, पण त्यांना थारा दिला नाही. हे तिला कशानं जमलं, या प्रश्नाच्या मागं जगातले शास्त्रज्ञ शंभर वर्षं लागलेले आहेत. त्या शोधातला एक महत्त्वाचा धागा आपल्या सातारा जिल्ह्यातून गेलेला आहे.

*

आधी शत्रूची ओळख. नाव हिमाँकस कॉन्टॉर्टस. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब. तिच्या आतड्यात मेंढीचं रक्त भरलेलं असतं, म्हणून ते लाल दिसतं, आणि त्याभोवती अंड्यांनी भरलेल्या पांढऱ्या नळ्यांचा वेढा असतो. नुसत्या डोळ्यांना ती लाल-पांढऱ्या सुताचा पीळ दिलेल्या दोऱ्यासारखी दिसते. मेंढीच्या चार पोटांपैकी चौथं, म्हणजे आपल्या जठराशी नातं सांगणारं पोट, हे तिचं घर. तिथल्या अस्तराला टोचून ती रक्त पिते. एका जंतामागं दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त जातं, जेमतेम एक थेंब. पण हजार जंत असले तर दिवसाला ५० मिलिलिटर, आणि पाच हजार असले तर पाव लिटर. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त असतं दोन लिटरच्या आसपास. हिशेब आपणच करावा.

एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाली तर आठवड्याभरात त्यांतून निघालेली अळी दोन अवस्था ओलांडून तिसरीत येते आणि दवाच्या पातळ थरावरून गवताच्या पात्यावर चढून बसते. मेंढीनं ते पातं खाल्लं की तीन आठवड्यांत तीच अळी अंडी घालणारा जंत होते. कोरड्या उन्हात मात्र अंडी आणि कोवळ्या अळ्या टिकत नाहीत. म्हणून दुष्काळी माळावर हा जंत वर्षातले बरेच महिने मेंढीच्या पोटातच दबा धरून असतो. बाहेरचा काळ वाईट आहे हे त्याला कळतं, आणि चौथ्या अवस्थेतली अळी अस्तरात वाढ थांबवून पडून राहते. पाऊस आला की उठते.

*

कळपातली लेंडी तपासायला घेतली की पहिली गोष्ट ध्यानात येते ती वाटपाची. जंत कळपात सारखे वाटलेले नसतातच. बहुतेक मेंढ्यांच्या पोटात थोडे, आणि पाचातल्या एखाद-दुसरीच्या पोटात बाकीचे सगळे. माळावर पडणारी अंडीही मुख्यतः या थोड्या मेंढ्यांचीच. म्हणजे एक अशक्त मेंढी स्वतः मरते त्याआधी उरलेल्या कळपासाठी माळ नासवून जाते.

हे मोजायची रीत सोपी आहे आणि जुनी आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत ती १९३९ साली बसवली गेली, आणि त्याच नावाची काचपट्टी आजही वापरतात. थोड्या लेंड्या मिठाच्या दाट पाण्यात घोटायच्या, गाळायच्या, त्या काचेच्या चौकटीत भरायच्या. घाण तळाशी बसते, अंडी तरंगून वर येतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजली की एक ग्रॅम लेंडीत किती अंडी हे कळतं. मीठ, गाळणी, काच आणि चिकाटी, एवढंच भांडवल. जगभर मेंढीच्या प्रतिकारशक्तीबद्दल जे काही कळलंय त्यातलं निम्मंअधिक ज्ञान या मोजणीवर उभं आहे.

१९७८ साली ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधल्या आर्मिडेल इथं तिथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेनं मेरिनो मेंढ्यांचे वेगळे कळप बांधायला सुरुवात केली. एका कळपात पैदाशीला मेंढे निवडायचे ते कमीत कमी अंडी देणारे, दुसऱ्यात जास्तीत जास्त देणारे, आणि तिसऱ्यात निवड करायचीच नाही. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तशी दोन टोकांच्या कळपांतली दरी वाढत गेली. त्यापाठोपाठ ऑस्ट्रेलियातच दुसऱ्या ठिकाणी, न्यूझीलंडमध्ये आणि आपल्याकडे राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत मालपुरा आणि अविकालीन मेंढ्यांवर असं काम झालं. सगळीकडे उत्तर जवळपास एकच आलं. कोकरांच्या अंडीसंख्येत जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव ते एकतृतीयांश भाग आईबापांकडून आलेला असतो. गाईच्या दुधाचा वारसा साधारण एवढाच असतो, आणि त्यावर सगळ्या दूधधंद्याची पैदास उभी आहे.

आर्मिडेलच्याच न्यू इंग्लंड विद्यापीठात १९८०च्या दशकात एक मेंढा असा निघाला की त्याच्या पोरांना जंत जणू लागतच नव्हते. त्याला ‘सोन्याचा मेंढा’ हेच नाव पडलं. एखादं एकच जनुक हा चमत्कार करत असेल, ते सापडलं की काम फत्ते, अशी आशा साहजिकच होती. तसं जनुक हाती लागलं नाही. स्कॉटलंडच्या काळ्या तोंडाच्या मेंढ्यांत रोगप्रतिकाराच्या जनुकांच्या एका गटात काही धागा सापडला, दुसऱ्या जातीत दुसरीकडे. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा ‘अ’ प्रकार असलेल्या मेंढ्या बऱ्या तगतात असं केनियात दिसलं, पण सगळीकडे ते लागू पडलं नाही. एकूण चित्र असं की कित्येक जनुकांचा यात चिमूट-चिमूट वाटा असतो. ही गोष्ट रूक्ष वाटते, पण फलटणच्या मेंढीचं भवितव्य तिच्यातच अडकलेलं आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी.

*

सुंदरबनातली गारोल मेंढी पाहिलेल्या माणसाला पहिल्यांदा ती कोकरूच वाटते. पूर्ण वाढलेली मादी बारा-चौदा किलोची. पण ती गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते, दलदलीत राहते, आणि एका वेताला दोन-दोन, तीन-तीन कोकरं देते. १७९०च्या दशकात बंगालमधून काही मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. पुढं तिथल्या बुरूला नावाच्या मेरिनो कळपात जुळी-तिळी देणारं जे जनुक सापडलं, ते त्या बंगाली मेंढ्यांचंच देणं असावं असं मानलं जातं. २००१ साली त्या जनुकातला बदल नेमका ओळखला गेला आणि तोच बदल गारोलमध्येही निघाला.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९०च्या दशकात ही गारोल आपल्या माळावर आणली. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली उभारलेली ही संस्था मराठी वाचकाला दुसऱ्याही अंगानं ओळखीची असेल, कारण लेखिका जाई निंबकर याच घरातल्या, आणि इरावती कर्व्यांच्या लेक. जाईंची मुलगी चंदा निंबकर यांनी या मेंढ्यांच्या पैदाशीला आपलं आयुष्य दिलं. दख्खनी मेंढी वेताला एकच कोकरू देते. मेंढपाळाचं उत्पन्न वाढवायचं तर जुळी हवीत, आणि जुळ्यांचं जनुक गारोलकडे आहे, असा तो सरळ विचार होता. त्यातून ‘सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. तिच्यात मुख्य अंग दख्खनीचं, आणि गारोलचं ते एक जनुक.

या कामाचा दुसरा पैलू मात्र फार कमी लोकांना ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियाच्या मदतीनं चाललेल्या या प्रकल्पात जंतांचाही अभ्यास होता. दख्खनी, कर्नाटकातली बन्नूर, आणि या दोहोंचे गारोलशी केलेले संकर यांची कोकरं फलटणला एकत्र वाढवली, त्यांची लेंडी मोजली, वजनं घेतली. चंदा निंबकर, प्रदीप घळसासी आणि त्यांचे ऑस्ट्रेलियन सहकारी यांचा तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. गारोलचं रक्त असलेल्या कोकरांच्या लेंडीत अंडी कमी निघाली. पण त्यांची वाढही कमी होती.

ते वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. सुंदरबनच्या चिखलात, जिथं गवताचं प्रत्येक पातं अळ्यांसाठी ओलंच असतं, तिथं शतकानुशतकं औषधाशिवाय जगलेल्या मेंढीनं जंत सोसायची विद्या कमावली असणार. आणि तिचं ते एवढंसं अंगही त्या विद्येशी बांधलेलं असेल का? दख्खनीला ती विद्या एवढी शिकावीच लागली नाही. तिच्या माळावरचं ऊनच वर्षातले आठ महिने तिची राखण करत होतं.

आता त्या चिमूटभर वाट्याच्या जनुकांकडे परत येऊ. जुळ्यांचं जनुक एकटं आहे. दख्खनीशी पुन्हापुन्हा संकर करत गेलं, तरी दर पिढीत तपासणी करून ते तेवढं राखता येतं. जंतांचा प्रतिकार मात्र कित्येक जनुकांत विखुरलेला. गारोलचं रक्त अर्ध्यावरून पावावर, पावावरून दोन आण्यांवर आलं, की तोही तसाच पातळ होत जातो. म्हणजे गारोलच्या गाठोड्यातली एक वस्तू उचलून आणता येते, दुसरी येत नाही. ती हवी असेल तर मोजून, निवडून, पिढ्यान्‌पिढ्या कमवावी लागते. आणि जुळी देणाऱ्या मेंढीला तर प्रतिकाराची गरज जास्तच. का, ते पुढं येईल.

*

जातीनं दिलेला वारसा जन्माला येताच हाती पडत नाही. दोन महिन्यांचं कोकरू, कितीही चांगल्या आईबापाचं असो, जंतांपुढं उघडंच असतं. त्याच्या पोटाच्या अस्तराला शत्रू ओळखायला शिकावं लागतं. थोड्या-थोड्या अळ्या रोज पोटात जात राहिल्या, की चार-सहा महिन्यांत ते शिक्षण पुरं होतं. मग अस्तरात मास्ट पेशी आणि इओसिनोफिल नावाच्या पेशी गोळा व्हायला लागतात, चिकट स्राव वाढतो, प्रतिपिंडं तयार होतात. शिकलेल्या मेंढीच्या पोटात आलेल्या बऱ्याच अळ्या अस्तरात शिरण्याआधीच बाहेर फेकल्या जातात. ज्या शिरतात त्या खुरटतात, आणि खुरटलेली मादी अंडी कमी घालते. ग्लासगोच्या संशोधकांनी हिमाँकसच्या एका भावंड-जंतावर काम करून दाखवलं, की मेंढीच्या पोटातलं एक ठरावीक प्रतिपिंड जितकं जास्त, तितकी जंताची लांबी कमी.

यातली सर्वांत नाट्यमय गोष्ट अमेरिकेत नॉर्मन स्टॉल यांनी १९२९ साली नोंदवली. माळावर मोकळ्या चरणाऱ्या कोकरांच्या लेंडीतली अंडी वाढत-वाढत गेली आणि मग एकाएकी खाली आली. औषध कुणी दिलं नव्हतं. पोटातले जंत शरीरानंच झटकून टाकले होते. पुढं याला ‘स्वतःहून बरं होणं’ असंच नाव पडलं. नव्या अळ्यांचा लोंढा आला की चिडलेलं अस्तर जुन्यांसकट सगळ्यांना हाकलतं, असा एक खुलासा. पावसानंतरच्या कोवळ्या गवतातच काहीतरी असावं, असा केनियातल्या निरीक्षणांवरचा दुसरा. माझ्या मते दोन्ही थोडे-थोडे खरे असतील, कारण पाऊस या दोन्ही गोष्टी एकदमच घेऊन येतो.

शिक्षण झालेल्या मेंढीलाही ते कायमचं पुरत नाही. ते टिकवायला खर्च येतो.

*

व्यायच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून मेंढीच्या लेंडीतली अंडी वाढायला लागतात. व्यायल्यावर ती आणखी वाढतात आणि दीड-दोन महिने चढीच राहतात. हीच मेंढी चार महिन्यांपूर्वी सगळे जंत रोखून धरत होती. जुळी असली तर चढ आणखी मोठा. पूर्वी याला संप्रेरकांचा दोष समजत. स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी प्रश्न वेगळ्या बाजूनं धरला. मेंढीच्या हाती असलेलं प्रथिन किती, आणि मागणारे किती? पोटातलं कोकरू, मग दूध, स्वतःचं अंग, आणि पोटाच्या अस्तराची फौज. त्या फौजेच्या पेशी, स्राव, प्रतिपिंडं सगळी प्रथिनांचीच बनतात. तुटवडा पडला की मेंढी पहिल्यांदा कोकराला देते. फौजेचा शिधा तोडला जातो.

त्यांनी ते करूनही पाहिलं. अंगावर पाजणाऱ्या मेंढ्यांची कोकरं काढून घेतली, म्हणजे दुधाची मागणीच कमी केली, तर काही दिवसांतच त्यांचा प्रतिकार परत आला. उलट कोकरं तशीच ठेवून खुराकातलं प्रथिन वाढवलं, तरीही अंडी घटली. ऑस्ट्रेलियात सरकीच्या पेंडीवरही असा प्रयोग झाला, आणि तोही मेंढ्यांच्या निवडलेल्या आणि न निवडलेल्या ओळींवर एकाच वेळी. चांगला वारसा आणि चांगला खुराक, दोन्ही कामी येतात.

मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि थोडं हेलावून टाकणारंही. आपण रोगप्रतिकाराला रक्तातली ठेव समजतो. मेंढीसाठी तो रोजचा खर्च आहे, आणि ज्या दिवशी घरात कमी पडतं त्या दिवशी आई तो स्वतःवरून वाचवते. तिच्या लेंडीतून पडलेली अंडी मग माळावर तिच्याच कोकराची वाट पाहतात, आणि ते कोकरू अजून काहीच शिकलेलं नसतं.

म्हणून जुळी देणारी ‘सुवर्णा’ ज्यानं घरी आणली, त्यानं गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यापासून मूठभर शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड तिच्या पुढ्यात ठेवली पाहिजे. दख्खनी मेंढीला वर्षभर माळावर सोडून चालत होतं, तो हिशेब एका कोकराचा होता.

*

या खर्चाचा सगळ्यांत चोख हिशेब माणसानं नव्हे, एका ओसाड बेटानं मांडून ठेवलाय. स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये सेंट किल्डा नावाचा बेटसमूह आहे. त्यातल्या हिर्टा बेटावरची शेवटची माणसं १९३० साली निघून गेली. १९३२ साली शेजारच्या सोए बेटावरून १०७ मेंढ्या तिथं आणून सोडल्या. तेव्हापासून त्यांना ना मेंढपाळ, ना कुत्रा, ना लांडगा, ना औषध. १९८५पासून शास्त्रज्ञ त्यातल्या एकेका मेंढीची जन्मापासून मरणापर्यंत नोंद ठेवतात. काही हिवाळे असे येतात की चारा संपतो आणि कळपातला मोठा भाग मरून पडतो. अशा हिवाळ्यापूर्वी काही मेंढ्यांना जंतनाशक देऊन पाहिलं, तर त्या जास्त तगल्या. म्हणजे भूक आणि जंत एकमेकांचा हात धरून येतात.

तर मग इतक्या वर्षांच्या निवडीत बेटावर फक्त कणखर प्रतिकाराच्या मेंढ्याच का उरल्या नाहीत? २०१०च्या एका अभ्यासानं उत्तर दिलं. ज्या मेंढ्यांच्या रक्तात प्रतिपिंडं जास्त होती, त्या वाईट हिवाळ्यांतून वाचत होत्या, पण दर वर्षी कोकरं कमी देत होत्या. कमी प्रतिपिंडांच्या मेंढ्या भराभर कोकरं देऊन लवकर जात होत्या. आयुष्याच्या शेवटी दोघींची बेरीज साधारण सारखीच भरत होती. म्हणून दोन्ही वाण बेटावर टिकले. हे वाचलं, आणि फलटणची ती कमी अंड्यांची, कमी वजनाची अर्ध-गारोल कोकरं पुन्हा डोळ्यांपुढं आली.

*

पूर्व आफ्रिकेत लाल मसाई नावाची मेंढी आहे. ती मांसाला बरी, पण अंगानं बेताची. मसाई गुराख्यांनी तिला पिढ्यान्‌पिढ्या औषधाशिवाय वाढवलं. १९६०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेची डॉर्पर जात केनियात आली. आडव्या बांध्याची, भराभर वाढणारी. लोकांनी हौसेनं आपल्या मेंढ्यांवर डॉर्परचे मेंढे सोडले. सरकारी योजनाही त्याच बाजूनं होत्या. १९९०च्या दशकात केनियाच्या दमट किनाऱ्यावर डियानी इथं आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेनं दोन्ही जाती शेजारी-शेजारी वाढवल्या, तेव्हा लाल मसाईची अंडीसंख्या कमी, रक्त चांगलं आणि मरतूक कितीतरी कमी निघाली. पण तोवर शुद्ध लाल मसाई शोधूनही सापडेनाशी झाली होती. ज्या कोरड्या भागात जंत फारसे नाहीत तिथं डॉर्परच सरस ठरते, हेही खरं आहे. चूक डॉर्परची नव्हती. कुठला माळ आणि कुठली मेंढी हे न बघता ती सगळीकडे नेली, ही चूक होती.

आपल्याकडेही लोकर सुधारण्यासाठी मेरिनो, राम्बुये हे विलायती मेंढे दख्खनीवर सोडण्याचे प्रयोग झाले. आता मांसाचा बाजार आहे, म्हणून जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढीला मोठा भाव आहे. उंच, लांब कानांची, बाकदार नाकाची, देखणी मेंढी ती. तिचा मेंढा आपल्या कळपात असावा असं कुणाला वाटणार नाही? माझं म्हणणं इतकंच, की या निवडींत लेंडी कुणी मोजत नाही. वजनकाटा सगळ्यांकडे आहे.

*

धनगराच्या शहाणपणाबद्दल लिहिताना आपण शहरी माणसं फार लवकर भारावतो, म्हणून मोजूनमापून लिहितो. दिवाळी झाली की पुणे, सातारा, सांगलीच्या पूर्वेकडचे वाडे, म्हणजे मेंढपाळ कुटुंबांचे फिरते तळ, घाट उतरून कोकणात जातात, भाताच्या मोकळ्या वावरांत मेंढरं बसवतात, खताच्या बदल्यात धान्य-पैसे घेतात, आणि मृगाच्या आत पुन्हा घाट चढून कोरड्या माळावर परततात. कोकणच्या पावसात मेंढी टिकत नाही, पाय सडतात, पोट बिघडतं, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी हे जंतांचा अभ्यास करून ठरवलेलं नाही. पण जंताच्या बाजूनं पाहिलं तर ही चाल त्याच्यावर फार भारी पडते. वाडा एका वावरात दोन-चार रात्री राहतो. लेंडीतल्या अंड्याची अळी व्हायला लागतो आठवडा. ती पात्यावर चढून बसेपर्यंत कळप कोसभर पुढं गेलेला असतो. आणि मेंढी बाभळीचा पाला, शेंगा, बोरीची डहाळी खाते तेव्हा तिच्या तोंडी अळी लागतच नाही, कारण अळ्या गवताच्या बुडाशी काही बोटांच्या उंचीवर असतात. शिवाय बाभळीत टॅनिन भरपूर. ते प्रथिनाला पहिल्या पोटात फुकट जाऊ देत नाही आणि जंतालाही जाचतं.

धोका पावसाळ्याच्या त्या चार महिन्यांतला, जेव्हा वाडे गावी असतात आणि तोच माळ, तेच गायरान रोज चरलं जातं. गायरानं आता आक्रसली आहेत. नीरेच्या उजव्या कालव्यानं फलटणच्या शिवारात ऊस आणला, आणि कालव्याच्या, पाटाच्या कडेला बारमाही हिरवा पट्टाही आणला. भर उन्हाळ्यात मेंढरं तिथं धावतात. ऊन जी राखण करत होतं ती त्या पट्ट्यात उरलेली नाही. दख्खनीनं ज्या हवामानात आपला हिशेब जमवला होता, ते तिच्या पायाखालून थोडं-थोडं सरकतंय.

तिथं मग औषधाची बाटली येते. आणि ती यायलाच हवी, पांढरी पापणी समोर असताना तत्त्वज्ञान सांगण्यात अर्थ नाही. पण सगळ्या कळपाला, दर दोन महिन्यांनी, एकच औषध पाजलं तर काय होतं ते जगानं पाहिलंय. थायाबेंडाझोल १९६१ साली बाजारात आलं, आणि १९६४मध्येच त्याला न जुमानणारा हिमाँकस अमेरिकेत नोंदला गेला. २००९ साली न्यूझीलंडमध्ये अगदी नव्या गटाचं मोनेपँटेल आलं, आणि चार वर्षांत तेही तिथल्याच कळपांत निकामी ठरलं. औषधातून वाचतात फक्त त्याला न बधणारे जंत, आणि पुढची सगळी पैदास त्यांची.

दुसरा तोटा कमी बोलला जातो. सगळ्यांना डोस दिला की चांगली मेंढी कुठली आणि कमजोर कुठली हे झाकलं जातं. दोघींच्या पापण्या सारख्याच लाल. कमजोर मेंढीची कोकरं कळपात राहतात, तिचा देखणा नर पैदाशीला ठेवला जातो, आणि कळपाचा वारसा दर पिढीला थोडा-थोडा पातळ होतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी यावर जो उपाय काढला तो आपल्या हातात मावणारा आहे. पापणीच्या रंगाच्या पाच छटांचा एक छापील तक्ता, फामाचा या नावाचा. पावसाळ्यात दर पंधरा-वीस दिवसांनी प्रत्येक मेंढीची पापणी त्याच्याशी ताडून पाहायची. फिकट निघेल तिलाच औषध. लाल पापणीच्या मेंढ्या तशाच सोडायच्या, म्हणजे त्यांच्या पोटातले साधे, औषधाला बधणारे जंतही शिल्लक राहतात आणि माळावर जिद्दी जंतांचंच राज्य होत नाही. कुठल्या मेंढीला किती वेळा औषध लागलं याची खूण ठेवली, की वर्षाअखेरीस कळप आपणच बोलायला लागतो. पापणीवरून सगळं कळत नाही. जंत असूनही रक्त भरून काढणारी मेंढी लाल दिसते आणि माळावर अंडी टाकतच असते. म्हणून निदान पैदाशीच्या नराची तरी लेंडी मोजावीच.

एक नर तीस-चाळीस मेंढ्यांवर चालतो. कळपाचा निम्मा वारसा त्या एकट्याचा.

दिवाळीच्या सुमाराला, वाडा हलण्यापूर्वी, ही निवड होते. पावसाळ्यात वाढलेले नर लोणंदच्या बाजाराला जातात आणि एखाद-दुसरा मागं ठेवतात. कान बघतात, नाक बघतात, उंची बघतात, त्याच्या आईला दूध किती होतं ते आठवून पाहतात. हे सगळं बघावंच. त्याबरोबर, भाद्रपदाच्या शेवटी, औषध पाजण्याआधी, ठेवायच्या विचारातल्या पाच-सहा नरांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पिशव्यांत भरायच्या, प्रत्येकीवर खूण करायची आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवायच्या. एकेका पिशवीत दहा-बारा लेंड्या पुरतात. मिठाचं पाणी, काच, आणि पलीकडे मोजत बसलेलं कुणीतरी.